अंगठा घेण्याआधी एकांतात विचारा

तालुक्याच्या कोर्टात मी दिवाणी दावे चालवते. वृद्ध आईवडिलांनी करून दिलेल्या बक्षीसपत्रांचे वाद माझ्याकडे सतत येतात आणि त्यांची सुरुवात बहुतेकदा सारखीच असते. दुय्यम निबंधक कार्यालयात आजींचा फोटो निघतो, यंत्रावर अंगठा टेकवला जातो, ‘दस्त मान्य आहे का?’ असं विचारलं जातं. मुलगा शेजारीच उभा असतो. आजी ‘हो’ म्हणतात. पुढे घरात भांडी वाजू लागली की लेकीला घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, ‘वकीलबाई, घर अजून माझ्याच नावावर आहे ना?’

नसतं. मृत्युपत्र माणसाच्या पश्चात लागू होतं, हयातीत कधीही बदलता येतं. बक्षीसपत्रानं मालकी लगेच जाते. हा फरक अनेकांना कुणी सांगितलेलाच नसतो. ‘नाव लावायला सही हवी’ एवढंच कानावर घातलेलं असतं. त्यात महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलांना, नातवंडांना बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये. सवलत योग्यच आहे, पण तिच्यामुळे घाईही स्वस्त झाली.

दाद मागायला कायदा आहे. दबावाखाली झालेला दस्त १८७२ च्या करार कायद्यानुसार रद्द करून घेता येतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ सांगतं, की सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न केल्यास परत मिळू शकते. मात्र ती अट होती हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं. जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित प्रकरणात त्याच न्यायालयानं या कायद्याचा उदार अर्थ लावून आईनं मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द केलं. दिलासा मोठा आहे, पण तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्यावर मिळाला. ऐंशीच्या घरातल्या किती आजी तिथवर पोचतील?

म्हणून अडवायचं ते नोंदणीच्या टेबलावर. ज्येष्ठांच्या प्रत्येक बक्षीसपत्राआधी अधिकाऱ्यानं नातेवाइकांना बाहेर थांबवावं आणि विचारावं: काय देताय? कुणाला? उद्यापासून मालक कोण? तुम्ही राहणार कुठे? उत्तरं दस्तासोबत नोंदवावीत. अंथरुणाला खिळलेल्यांकडे अधिकारी घरी जातात, तिथेही हेच व्हावं.

यात लेकराचा अपमान होतो, असं काहींना वाटेल. उलट, मनापासून आईला सांभाळणाऱ्या मुलाला याहून भक्कम पुरावा मिळणार नाही. उद्या बहीण कोर्टात गेली, तर आईचं स्वतःचं बोलणं त्याच्या बाजूनं उभं राहील.

नियम होईल तेव्हा होईल. तोवर ज्येष्ठांना माझं सांगणं एवढंच: शक्यतो मृत्युपत्र करा. बक्षीसपत्र करायचंच असेल, तर तहहयात राहण्याचा हक्क आणि सांभाळाची अट त्यात लिहून घ्या, आणि अंगठ्याआधी तो दस्त घराबाहेरच्या माणसाकडून वाचून घ्या.