मानांकन नावाला, बियाणे वाऱ्यावर



लातूर जिल्ह्यातील बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्ती कोथिंबीर यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अभिमान वाटला. पण मानांकन राखते ते बाजारातले नाव. शेतातले बी आणि बांधावरचे झाड राखण्याची जबाबदारी त्याने कोणावरच येत नाही.

तुरीच्या फुलांवर मधमाश्या फिरतात, एका शेतातले पराग दुसऱ्या शेतात नेतात. बोरसुरीच्या तुरीला लागून शेजाऱ्याने बदनापूरच्या संशोधन केंद्राचा सुधारित वाण पेरला, की काही हंगामांत घरचे बी भेसळते. चिंचेचे तर याहून अवघड. चिंचोक्यापासून उगवलेले झाड मूळ झाडासारखेच फळ देईल, याची खात्री नसते. गुण टिकवायचा तर त्याच झाडाचे कलम बांधावे लागते. कलम न बांधता जुनी चिंच लाकूडवाल्याला विकली, की तिचा गुण तिच्याबरोबरच गेला.

वाण गमावण्याचे हे दुःख नांदेडने भोगले आहे. निजामाच्या राजवटीत तिथली गावरानी कपाशी चांगल्या धाग्यासाठी नावाजलेली होती. पुढे अमेरिकन व संकरित वाण आले, 2002 पासून बीटी आले आणि गावरानी शिवारातून हटली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने देशी कपाशीवर काम चालू ठेवले, पण गावातल्या दुकानात पाकिटे बीटीचीच.

जुन्या वाणाला उतारा कमी, शेतकऱ्याने तोटा का सोसावा, असे कोणी विचारील. सोसूच नये. पण सुधारित वाण तरी कशातून निघतात? पाटणचेरूच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने संकरित तूर काढली, ती तुरीच्या एका रानटी भाईबंदाच्या आधारावर. तो रानातून आधीच नाहीसा झाला असता तर? जगातल्या सुमारे 45 टक्के सपुष्प वनस्पती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत, असा लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाचा 2023 चा अंदाज आहे. अन्नासाठी आजवर सुमारे 6,000 वनस्पती लावल्या गेल्या. आज जगातल्या पीक उत्पादनाचा दोन तृतीयांश भाग अवघ्या नऊ पिकांतून येतो. सोयाबीनने पिवळ्या झालेल्या आपल्या शिवारालाही हे लागू आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. बोरसुरीच्या तुरीसाठी सलग बीजोत्पादन क्षेत्र ठरवावे आणि शुद्ध बी राखणाऱ्याला वाढीव भाव द्यावा. पानचिंचोलीच्या जुन्या चिंचांची मोजणी करून त्यांवर क्रमांक टाकावेत, विद्यापीठाने त्यांची कलमे बांधावीत आणि झाड न तोडणाऱ्या मालकाला मोबदला मिळावा. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि नोंदवही असायला हवी. ती नोंदवही ग्रामसभेत वाचली जावी. 2001 च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्यांच्या वाणांची नोंदणी करता येते. त्यासाठी कृषी खात्याने गावात यावे.

पिशवीवर बोरसुरीचे नाव छापण्याआधी आत बोरसुरीचीच तूर आहे, याची तजवीज व्हावी.

— एक शेतकरी वाचक, निलंगा (जि. लातूर)