उंबऱ्याबाहेर अर्धा तास

दिवाळीची सुटी संपते, शाळा पुन्हा उघडतात आणि एका पहाटे फजरच्या वुजूला बसल्यावर नळाचे पाणी हाताला गार लागते. आमच्या मिरजेत थंडी अशी गुपचूप येते. ऑक्टोबरभर उन्हाने भाजून निघालेले अंग हलके वाटू लागते. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या दिसू लागतात. मार्चपासून ऊन तापणार, जूनपासून पाऊस लागणार. म्हणजे पायी चालायला आणि सायकल चालवायला वर्षात हेच तीन-चार महिने खरे आपल्या हाताचे.

आणि नेमके हेच महिने आपण रजईत घालवतो.

त्याला एक कारण घड्याळातही आहे. नोव्हेंबरच्या मध्यावर आमच्याकडे सूर्य साडेसहाच्या पुढे उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. उन्हाळ्यात असरनंतर मगरिबपर्यंत बराच वेळ हाताशी असतो. आता शाळा सुटून घरी येऊन चहा घेईपर्यंत मगरिबची अजान होते. मग स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, इशा, आणि दिवस संपला. "वेळच मिळत नाही" हे वाक्य थंडीत जास्त ऐकू येते ते उगीच नाही. आम्हीही ते वर्षानुवर्षे म्हणत आलो. गेल्या वर्षी मात्र आमच्या घरात असे काही घडले की ते वाक्य गिळावे लागले.

गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस आमचे अब्बा अल्लाहला प्यारे झाले. अम्मीने गावच्या घरी इद्दतीचे चार महिने दहा दिवस पूर्ण केले आणि नोव्हेंबरमध्ये ती आमच्याकडे राहायला आली. रिक्षातून उतरताना तिला दोघांनी धरावे लागले. हीच बाई तिशी-चाळिशीत डोक्यावर पाटी घेऊन रोज शेतात जात होती आणि संध्याकाळी सरपण घेऊन परत येत होती. साखरेचा आजार जुनाच, पण या चार महिन्यांत दुःखाने आणि पलंगावर बसून राहण्याने तो बळावला होता. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी केली, आकडा आला ९.१. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि विचारले, "चालता का?" अम्मी म्हणाली, "आता कुठं जायचंय चालत?"

त्या उत्तरावर आम्हाला काही बोलता आले नाही.

दुसरी गोष्ट जिन्याखालची. आमच्या लेकीची सायकल तिथे उभी होती, जुनी चादर पांघरलेली, हँडलला कांद्याची पिशवी अडकवलेली. सहावीपर्यंत ती सायकलवर शाळेत, किराणा दुकानात, मदरशात सगळीकडे जायची. सातवीत गेली आणि आम्ही तिला थांबवले. कोणी तक्रार केली नव्हती, कोणी टोमणा मारला नव्हता. "आता मोठी झालीस" एवढेच आम्ही म्हणालो आणि रिक्षा लावून दिली. नववीत येईपर्यंत ती दोन जिने चढली तरी धापा टाकू लागली होती. वर्गात दुसऱ्यांच्या लेकींना "खेळा, पळा" म्हणून सांगणारे आम्ही, परीक्षा जवळ आली की पीटीचा तास गणिताला देणारेही आम्हीच.

अम्मीने एक दिवस ती चादर उचलून पाहिले. "ही कुणाची?" लेकीने सांगितले, "माझी, नानी. पण आता चालवत नाही." अम्मीने आमच्याकडे पाहिले. "मी एवढी वर्षं शेतात चालत गेले, त्या वेळी कुणाची इज्जत गेली नाही. हिच्या दोन चाकांनी कुणाचं काय बिघडणार होतं? तुम्ही लोक तर शिकवता ना शाळेत?"

मुलीच्या अब्बांनी त्याच रविवारी सायकल ओव्हरऑइल करून आणली. ट्यूब बदलली, ब्रेकचे रबर बसवले, चेनकव्हर घातले. लेकीने नानीला अट घातली : "मी चालवते, पण तुम्हीही माझ्याबरोबर रोज चालायचं." अम्मीला नाही म्हणता आले नाही.

पहिल्या दिवशी आम्ही गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. जाऊन-येऊन आठ मिनिटे लागली, त्यात अम्मी दोनदा कट्ट्यावर बसली. आठवडाभर तेवढेच. मग चौक, मग पाण्याच्या टाकीपर्यंत. लेक सायकलवर पुढे जायची, वळून परत यायची, पुन्हा पुढे. आमची एक फेरी होईतो तिच्या पाच व्हायच्या. डिसेंबर उजाडला तेव्हा अम्मी न थांबता वीस मिनिटे चालत होती आणि दारात पोहोचल्यावर लगेच पाणी न मागता आधी शेजारणीची विचारपूस करत होती.

चालताना माणूस बोलतो, हे आम्हाला तेव्हा कळले. घरात अब्बांचे नाव निघाले की अम्मी गप्प व्हायची. रस्त्यावर तिने आपणहून त्यांच्या गोष्टी सांगितल्या. लेकीने आपल्या नानाजींविषयी जेवढे या फेऱ्यांमध्ये ऐकले, तेवढे आधी कधी ऐकले नव्हते.

आपल्यासाठी नवे काहीच नाही

आपल्यापैकी काही जणांना फिरायला जाणे हे रिकाम्या लोकांचे काम वाटते. स्त्रियांनी जाणे तर त्याहून नको. पण सहीह बुखारीमध्ये आले आहे की प्रेषित मुहम्मद (स.) दर शनिवारी कधी पायी तर कधी स्वारीवर कुब्याच्या मशिदीला जात. मस्जिदे नबवीपासून कुबा तीन-चार किलोमीटरवर आहे. तसेच हजरत आयशा (रजि.) यांच्याबरोबर त्यांनी धावण्याची शर्यत लावली होती. आधी आयशा (रजि.) जिंकल्या आणि पुढे काही काळाने प्रेषित (स.) जिंकले, हे अबू दाऊदच्या संग्रहात आहे. आपल्या घरातल्या किती पुरुषांनी बायकोबरोबर चौकापर्यंत पायी फेरी मारली आहे, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

आणि सलीम अली यांचे नाव तर घरोघरी माहीत असायला हवे. मुंबईच्या मुस्लिम कुटुंबात १२ नोव्हेंबर १८९६ रोजी जन्मलेला हा माणूस लहानपणी एका चिमणीच्या निमित्ताने पक्ष्यांकडे वळला आणि नव्वदीपर्यंत दुर्बीण घेऊन रानोमाळ हिंडला. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून, म्हणजे ५ नोव्हेंबरपासून, सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत आपल्या राज्यात पक्षी सप्ताह पाळतात. उत्तरेकडचे पाहुणे पक्षी याच सुमारास येतात. शेपूट सतत वरखाली हलवणारा परीट आम्हाला पाण्याच्या टाकीजवळ रोज दिसायचा. मुलांना "चला फिरायला" म्हटले तर कंटाळतात. "चला, आज किती पक्षी दिसतात ते मोजू" म्हटले की आधी चप्पल घालून तयार होतात.

केव्हा निघावे, किती चालावे

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल सांगितली आहे. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी एक तास. मध्यम म्हणजे काय? चालताना सोबतच्या बाईशी बोलता यावे, पण किंचित धाप जाणवावी. अर्धा तास सलग नाही जमला तर दहा-दहा मिनिटे तीनदा चाला. साखरेच्या रुग्णांनी जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्यास जेवणानंतर चढणारी साखर आटोक्यात राहायला मदत होते. आम्ही दुपारच्या जेवणानंतर अम्मीला गच्चीवर फिरवायचो.

"दिवसभर घरातली कामे करते, तेवढे पुरे नाही का?" असे भगिनी विचारतात. झाडू-फरशीला कष्ट आहेतच, ते मोजायला हवेतच. पण घरकामात आपण चार पावले टाकतो, थांबतो, वाकतो, पुन्हा थांबतो. श्वास आणि हृदयाला सलग वेग मिळत नाही. शिवाय ऊन मिळत नाही आणि चार भिंतींच्या बाहेर डोळ्यांना काही दिसत नाही.

फजरनंतर लगेच निघावे, असे आम्हीही समजत होतो. पण थंडीत पहाटे गार हवा जमिनीलगत साचून राहते आणि कचरा जाळल्याचा, चुलींचा, गाड्यांचा धूर तिच्यातच अडकतो. दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी सूर्य थोडा वर आल्यावर निघावे. आमच्या शेजारच्या चाचांना पहाटे छातीत जखडल्यासारखे व्हायचे. डॉक्टरांना दाखवून, औषध सुरू करून ते आता आठला निघतात. चालताना छातीत दाब किंवा दुखणे जाणवले तर "थंडीने झाले असेल" म्हणून सोडून देऊ नका. थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

उन्हाचा हिशेबही असाच. ड जीवनसत्त्व बनवणारे किरण अगदी सकाळच्या कोवळ्या उन्हात फार थोडे असतात. दहानंतर ते पुरेसे मिळतात. अंगभर कपडे घालणाऱ्या आपल्या स्त्रियांना ते मिळण्याची संधी आधीच कमी. म्हणून सुटीच्या दिवशी आडोशाच्या गच्चीवर किंवा अंगणात बाह्या सारून थोडा वेळ बसावे. गुडघे, कंबर सतत दुखत असेल तर स्वतःच्या मनाने गोळ्या न घेता तपासणी करून घ्यावी.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब जाऊ नये. खिशात दोन खजूर किंवा साखरेची पुडी ठेवावी. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ती लगेच तोंडात टाकावी. थंडीत टाचांना भेगा पडतात आणि साखरेच्या रुग्णांना पायाची जखम कळतही नाही. अम्मी बूट घालायला तयार नव्हती, "या वयात बूट?" म्हणायची. टाचेच्या भेगेतून एकदा रक्त आले, तेव्हा मानली. आता मोजे, कापडी बूट आणि झोपताना तळवे पाहून तेल लावणे हे नेमाने चालते. बोटांच्या बेचक्यात मात्र तेल नको, कोरडे ठेवावे.

रस्ता सांभाळून

आमच्या भागात गाळपाचा हंगाम म्हणजे उसाच्या ट्रॉल्या. मागचा दिवा नाही, बाजूला लोंबणारा ऊस, आणि अंधारात ट्रॉली उभी आहे की चालते आहे ते कळत नाही. म्हणून अंधारात सायकल नकोच. जावेच लागले तर पुढे दिवा, मागे चमकणारा लाल तुकडा आणि अंगात फिकट रंगाचे कपडे हवेत. काळ्या अबायावर पांढरा दुपट्टा किंवा हातावर चमकणारी पट्टी घ्यावी. सायकल डाव्या बाजूने चालवावी. जिथे पदपथ नाही तिथे पायी मात्र उजव्या कडेने चालावे, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसते. ओढणी पाठीमागे सोडू नये. पुढे घेऊन पिन लावावी, चाकात अडकली तर गळ्याशी येते. अबाया घेरदार असेल तर टोके आवरून क्लिप लावावी. एवढे केले की पडदाही राहतो आणि सायकलही चालते.

मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांमधल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल मिळते. सायकल नाही म्हणून मुलीची शाळा सुटू नये, हा तिचा हेतू. काही घरांत मात्र तीच सायकल मोठा भाऊ कामावर नेतो आणि मुलगी पुन्हा पायी किंवा घरी. हे लिहिताना आमच्या जिन्याखालची ती चादर आठवते. आम्ही सायकल भावाला दिली नव्हती एवढाच फरक, मुलीपासून ती आम्हीही काढून घेतलीच होती.

फेब्रुवारीत अम्मीची तपासणी पुन्हा केली. आकडा ७.८ वर आला होता. गोळ्या बदलल्या होत्या, म्हणून सगळे श्रेय चालण्याला देता येणार नाही. पण जिने चढणे, स्वतःचे पाणी स्वतः भरणे, उभ्याने नमाज पढणे, हे आकड्यात येत नाही आणि ते परत आले. लेक आता दहावीत आहे. शिकवणीला सायकलने जाते. पहिल्या दोन आठवड्यांत गल्लीत चार जणांनी वळून पाहिले. तिसऱ्या आठवड्यात समोरच्या घरातली मुलगी आपली सायकल बाहेर काढून हिच्यासोबत निघाली.

या वर्षीही थंडी आली आहे. तुमच्या घरातही एखादी अम्मी पलंगावर बसून असेल, एखादी सायकल जिन्याखाली असेल. येत्या रविवारी त्या दोघींनाही बाहेर आणा. पहिल्या दिवशी गल्लीच्या तोंडापर्यंत गेलात तरी पुरे. इन्शाअल्लाह, पुढच्या महिन्यात चौक गाठाल.