हयातीचा दाखला आणि जगण्याची मोजदाद

दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात निवृत्तिवेतनधारक वृद्ध आपण हयात असल्याचा दाखला देतात. ते कसे जगत आहेत, हा प्रश्न त्या नमुन्यात नसतो, आणि नसावा हेही रास्तच आहे. खेद याचा वाटतो की, जेथे तो प्रश्न अवश्य विचारला जावा त्या मनोविकारांच्या बाह्यरुग्ण विभागातही तो क्वचितच विचारला जातो. द्विध्रुवीय मनोविकाराने, म्हणजे घरोघरी ज्याला बायपोलर म्हणतात त्या व्याधीने, उन्माद आणि अवसाद यांच्या दरम्यान तीस-चाळीस वर्षे हेलकावे खाल्लेला मनुष्य साठी ओलांडून समोर बसला, की त्याच्या झोपेची व मनःस्थितीची विचारपूस होते, रक्तातील लिथियमची पातळी पाहिली जाते, औषधे पुढे चालू राहतात. आणि लक्षणे शमली म्हणजे मनुष्य बरा झाला, असे सर्वांनीच गृहीत धरलेले असते.

वस्तुस्थिती तशी नाही. मन स्थिर असतानाही अनेकांची स्मरणशक्ती, अवधान आणि कामाची आखणी करण्याची क्षमता उणावलेली राहते. महसूल खात्यातील एखादा निवृत्त अव्वल कारकून कल्पावा: ज्याने नोकरीभर तालुक्याचा हिशेब पैपर्यंत जुळविला, त्याला विजेचे बिल भरले की नाही हे आता आठवत नसेल, लिथियमने हात थरथरून धनादेशावरील सही जुळत नसेल, आणि सकाळची गोळी कधी दोनदा घेतली जात असेल, तर 'लक्षणे नाहीत' या शेऱ्याने त्याच्याविषयी काय कळले? म्हातारपणी मूत्रपिंडे मंदावतात आणि लिथियमच्या हितकर व विषारी मात्रांतील अंतर मुळातच थोडे असते. त्यामुळे स्वतःच्या गोळ्या त्याला सांभाळता येतात काय, हा प्रश्न घरगुती असला तरी तितकाच वैद्यकीय आहे.

मोजण्याची साधने नाहीत असे नाही. अमेरिकेत 1963 साली सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्नान, वस्त्रधारण, भोजन अशा मूलभूत क्रियांचे कोष्टक केले. 1969 साली लॉटन आणि ब्रोडी यांनी दूरध्वनी, खरेदी, प्रवास, औषधे, पैशांचा व्यवहार या अधिक गुंतागुंतीच्या कामांचे. आणि 2007 साली बार्सिलोनाच्या संशोधकांनी स्वावलंबन, व्यवसाय, बुद्धिव्यापार, आर्थिक व्यवहार, परस्परसंबंध व फुरसत या सहा विभागांची 24 प्रश्नांची मोजपट्टी बायपोलर रुग्णांना डोळ्यांपुढे ठेवूनच रचली. परंतु निवृत्ताला व्यवसायाचे प्रश्न लागू पडत नाहीत. आणि लॉटन-ब्रोडी कोष्टकात तर मुळात पुरुषांच्या स्वयंपाकाचे, घरकामाचे व धुण्याचे गुण धरतच नसत. आपल्याकडे ज्या पुरुषाने जन्मात चहा केला नाही, त्याला तो आता करता येत नाही की करावा लागत नाही, हे केवळ कागदावरून समजणार कसे? ज्या घरात पत्नीचा हात सारे सावरून घेतो, तेथे पतीची विकलता तिच्या मृत्यूनंतरच उघड होते.

म्हणून मोजमाप व्हावे ते त्या माणसाच्या स्वतःच्या पूर्वायुष्याशी ताडून. तेही मन स्थिर असताना, कारण अवसादात तो 'मला काहीच जमत नाही' म्हणेल आणि उन्मादात 'मला सर्व जमते' म्हणेल. घरच्यांची साक्ष आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. कोणी मायेने झाकते, तर कोणी मिळकतीवर नजर ठेवून वाढवून सांगते. त्यापेक्षा त्याच्याच हाती गोळ्यांची पाकिटे व सुटे पैसे देऊन शांतपणे पाहावे. जे जमत नाही ते व्याधीमुळे, औषधामुळे, डोळ्यांतील मोतीबिंदूमुळे, की नव्याने सुरू झालेल्या स्मृतिभ्रंशामुळे, याचा निवाडा त्यानंतरचा. कारण प्रत्येकाचा इलाज निराळा आहे.

अशा तपासणीचा कागद उद्या कुलमुखत्यारपत्रासाठी किंवा सातबाऱ्यावरील नाव हलविण्यासाठी वापरला जाईल, ही भीती निराधार नाही. परंतु केवळ मनोविकाराचे निदान झाले म्हणून कोणी अस्वस्थ मनाचा ठरत नाही, तसे ठरविणे सक्षम न्यायालयाचे काम आहे, असे 2017 चा मानसिक आरोग्य कायदा स्पष्ट सांगतो. तेव्हा तपासणीचा हेतू अधिकार काढून घेणे नव्हे, आधार देणे हाच असला पाहिजे, आणि तिचा निष्कर्ष प्रथम त्या वृद्धालाच समजावून सांगितला पाहिजे.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक वृद्ध रुग्णाच्या केसपेपरात वर्षातून एकदा एक पान जोडले जावे: तो पूर्वी काय करीत असे, आज काय करतो, आणि कोणत्या मदतीने काय करू शकेल. त्या कारकुनाला कदाचित सात कप्प्यांची गोळ्यांची डबी आणि भिंतीवर टांगलेली बिलांच्या तारखांची यादी एवढेच पुरेल, आणि घराचा जमाखर्च आणखी काही वर्षे त्याच्याच हाती राहील. पण त्याला ती डबी हवी आहे हे कळण्यासाठी आधी कोणीतरी त्याच्यापाशी बसून विचारले पाहिजे.