चौदा दिवस, अकरा शहरें

पाठीवर पिशव्या घेतलेले युरोपीय प्रवासी जळगांव स्टेशनावर उतरतांना आम्ही लहानपणापासून पाहात आलों आहों. येथून सुमारें ६० किलोमीटरांवर असलेलीं अजिंठ्याचीं लेणीं पाहावीं, एवढ्यासाठीं तीं माणसें आगगाडीनें इतक्या दूर येतात. आतां आमचा वर्गहि उलट दिशेनें युरोपास निघाला आहे. ही गोष्ट आनंदाची खरी. परंतु तो ज्या रीतीनें निघाला आहे, तिच्याविषयीं स्पष्ट बोलणें प्राप्त आहे.

जळगांव-धुळ्याच्या सुशिक्षित घरांत मुलगा वा मुलगी मिळवती झाली, कीं आईबापांसह युरोपांत आगगाडीनें हिंडण्याचा बेत निघूं लागतो. बेत उत्तम, पण तो आखावा कोणीं, या प्रश्नापाशीं घरांत कलह माजतो. वडील म्हणतात, "पैसे आम्ही मोजतों, तेव्हां ठरवूंहि आम्हीच." शिवाय पुन्हा जाणें होणार नाहीं, म्हणून मावतील तितकीं शहरें यादींत कोंबलीं जातात. हीं दोन्ही मतें चुकीचीं आहेत असें माझें म्हणणें आहे. आणि तें म्हणण्याचा अधिकार मला एवढाच, कीं गेल्या वर्षापर्यंत तीं माझींच मतें होतीं.

माझ्या यादींत चौदा दिवसांत अकरा शहरें होतीं. पुण्यास नोकरी करणाऱ्या माझ्या सव्वीस वर्षांच्या मुलीनें ती वाचली आणि हिशेब मांडला. अकरा शहरें म्हणजे दहा स्थलांतरें. प्रत्येक वेळीं सामान बांधणें, खोली सोडणें, स्टेशन गांठणें, गाडींत बसणें, नवी खोली शोधणें, यांत निदान अर्धा दिवस जाणार. म्हणजे चौदांतील पांच दिवस ओझें वाहण्यांत खर्च! "मग बाबा, आपण एकमेकांशीं बोलायचं केव्हां?" असें तिनें विचारलें. मला उत्तर सुचलें नाहीं, म्हणून राग आला.

तिची यादी चार शहरांची होती: झुरिच तीन रात्री, व्हिएन्ना चार, व्हेनिस दोन, रोम चार. मधले तिन्ही प्रवास एकेका थेट गाडीनें. प्रवास तीनच असल्यामुळें सर्व देशांत चालणारा पास घेणें तिला किफायतीचें दिसलें नाहीं. त्या पासांत सवलत सत्तावीस वर्षांपर्यंतच्या तरुणांस, अथवा साठी गांठलेल्यांस. मी पडलों मधल्यामध्यें. शिवाय इटलीच्या जलद गाड्यांत पास असूनहि आसनाचें आरक्षण निराळ्या पैशांनीं करावें लागतें. म्हणून सुटीं तिकिटें आधींच काढावीं, असें तिनें ठरविलें. शेंगेन देशांना व्हिसा एकच चालतो, पण अर्ज मुक्काम जेथें अधिक त्या देशाच्या वकिलातीकडे करावयाचा; तेव्हां सहा रात्रींच्या बळावर तो इटलीकडे. ३०,००० युरोंचा विमाहि तिनें हिशेबांत धरला होता. माझ्या यादींत यांपैकीं एकहि गोष्ट नव्हती. होतें तें पॅरिस. आणि तिच्या यादींत पॅरिसच नव्हतें!

पॅरिस न पाहतां परतलों तर लोक काय म्हणतील? माझा खरा आक्षेप हाच होता, आणि तो उच्चारतांच त्याची लाज वाटली. शहरें आम्ही पाहण्यासाठीं निवडीत नाहीं. परतल्यावर सांगण्यासाठीं निवडतों.

व्हिएन्नाहून व्हेनिसला दिवसाचीच गाडी कां, हेंहि मीं विचारलें. ती म्हणाली, "वाटेंत सेमरिंगचा घाट लागतो." कार्ल फॉन गेगा या स्थापत्यविशारदानें आंखलेला हा रेल्वेचा घाट १८५४ सालीं खुला झाला, आमचा बोरघाट १८६३ सालचा. मुंबईहून परततांना कसाऱ्यास गाडीला मागून जादा इंजिन लागे, तें दाखविण्यासाठीं मी तिला लहानपणीं झोपेंतून उठवीत असें. मी तें विसरलों होतों; ती विसरली नव्हती. माझी आवड तिच्या यादींत होती, माझ्या यादींत नव्हती.

धुळ्याचे एक स्नेही म्हणाले, "सारा कारभार मुलीच्या हातीं दिलात, मग वडीलपणाचा मान काय उरला?" चाळीसगांवला गाडी बदलण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांनीं तरी असें म्हणूं नये. पुढची गाडी सुटण्याच्या बेतांत असतां ज्याला फलाट ठाऊक तो पुढें धांवतो आणि बाकीचे मागें. तेथें वय कोणी विचारीत नाहीं. मुलगा सोळा वर्षांचा झाला कीं त्याला मित्र मानावें, अशा अर्थाचें संस्कृत वचन आम्ही वर्गांत मोठ्या थाटानें समजावून देतों. त्यांत मुलीचें नांव नाहीं, ही वचनकर्त्याची उणीव. पण घरीं मुलगा काय नि मुलगी काय, तिशी आली तरी आम्ही दोघांसहि मित्र मानीत नाहीं, ही उणीव आमची स्वतःची आहे.

ज्यांची प्रकृति नाजूक, त्यांनीं यात्राकंपनीबरोबर खुशाल जावें. जेवणाची व सोबतीची सोय तेथें असते. मुलांनींहि आईबापांचे गुडघे, औषधें आणि दुपारची झोप विचारून घेतल्यावांचून बेत करूं नये. ती हुकूमशाही वडिलांच्या हुकूमशाहीहून बरी नव्हे. परंतु एवढें संभाळल्यावर खानदेशांतील आईबापांस माझें आग्रहाचें सांगणें आहे, कीं यादी मुलांच्या हातीं द्या आणि आपण प्रश्न विचारा. लग्न, नोकरी, बदली यांच्या धांदलींत मिळवत्या मुलाबरोबर सलग चौदा दिवस आपल्याला आयुष्यांत कितीदां लाभणार आहेत? ते अकरा शहरांत वांटून टाकण्याइतके स्वस्त नाहींत.

आमचीं तिकिटें निघालीं आहेत. पॅरिस राहिलें आहे, आणि कोणी विचारलें तर तसें सांगण्याची माझी तयारी आहे.