शाहू स्टेडियमचा हिरो पुढे काय करतो?

शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार मॅच असली की आमची अर्धी विंग लेक्चर बुडवते. याच विंगमधला एक जण तिथे एका तालमीकडून खेळतो. गोल मारला की पोरं त्याला खांद्यावर घेऊन नाचतात. मग हा प्रोफेशनल का होत नाही?

माझं मत विचाराल, तर पेठ सुटत नाही म्हणून! अनिकेत जाधव बघा. कोल्हापूरचाच, पण लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. २०१७ साली, सतराव्या वर्षी, भारताकडून ज्युनिअर वर्ल्ड कप खेळला. २०२२ मध्ये आयएसएल जिंकणाऱ्या हैदराबादच्या टीममध्ये होता. आपला हिरो विसाव्या वर्षी पेठेत गाजायला लागतो. तालीम जीव लावते, बूट घेऊन देते, पण रोजचा कोच, डाएट आणि वर्षभर मॅचेस ती बिचारी कुठून आणणार?

आमच्या मित्राची पुढच्या महिन्यात पुण्यात ट्रायल आहे आणि नेमका त्याच दिवशी एम-थ्रीचा पेपर. उशीर झालाय, हे त्यालाही कळतं. तरी मी म्हटलं, जा लेका. एम-थ्री काय, पुढच्या सेमलाही असतेच.