कागदाचे गजमुख

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस गिरगाव, परळ, लालबाग येथे घरोघरी गणपती विराजमान होतात, आणि त्याच तिथीस मूर्तिपूजक श्वेतांबरांची संवत्सरी असते. दुसऱ्या दिवशी सुरू होणारे दिगंबरांचे दशलक्षण पर्व अनंत चतुर्दशीस, म्हणजे विसर्जनाच्याच दिवशी, पूर्ण होते. एका दारात प्रतिक्रमण आणि शेजारच्या दारात आरती, हे येथील चाळींना नवे नाही. अशा दिवसांत शाळेने मुलास गणपतीचा मुखवटा करावयास सांगितला, की काही जैन घरांत प्रश्न निघतो : हे आपण करावे काय?

हत्ती जैन परंपरेस परका नाही. अजितनाथ भगवंतांचे लांछन हत्ती आहे. त्रिशलामातेच्या स्वप्नांत हत्ती आहे. आणि वणव्यात सशाचा जीव वाचावा म्हणून उचललेला पाय अडीच दिवस अधांतरी धरणारा हत्ती म्हणजे मेघकुमाराचा पूर्वभव. कोकणातून गिरणगावात आलेल्या कामगारांच्या दशावतारात आरंभीच मुखवटा धारण केलेला गणपती येतो. तो मुखवटा कलावंतांस पूजनीय. शाळेतला मात्र केवळ वेशभूषेचा. तेव्हा आकाराविषयी फार वाद घालण्याचे कारण दिसत नाही.

खरा विचार करावयाचा तो चिकटवण्याच्या पदार्थाचा, आणि नेमका तोच कोणी विचारीत नाही. जुने कारागीर सरस वापरीत. सरस म्हणजे जनावरांची कातडी व हाडे उकळून काढलेला पदार्थ. महुव्याचे बळवंतराय पारेख यांनी १९५९ साली फेविकॉल बाजारात आणले, तेव्हा सुतारांची सरस तापविण्याची यातायात संपली. हा पर्याय कृत्रिम आहे, त्यात प्राणिज अंश नाही. बाजारातून तयार मुखवटा आणणाऱ्याने मात्र दुकानदारास एवढे विचारून घ्यावे. मालाची पारख करणाऱ्या घरांस हे अवघड नसावे.

घरी मैद्याची खळही चालते. परंतु ती रोज लागेल तेवढीच शिजवावी. पावसाळी हवेत रात्रभर राहिलेली खळ आंबते, बुरशी धरते. बासी अन्न वर्ज्य मानणाऱ्या स्वयंपाकघरात त्याचे कारण सांगावयास नको.

मातीचा साचा करून त्यावर प्रथम नुसत्या पाण्यात भिजविलेल्या कागदाचा थर द्यावा, म्हणजे मुखवटा सहज सुटतो. मग खळ लावलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यांचे पाच-सहा थर. प्रत्येक थर वाळल्याखेरीज पुढचा देऊ नये. मुंबईच्या श्रावण-भाद्रपदात यास आठवडा सहज लागतो. घाई केली की आत ओल राहते. सोंड भरीव केल्यास तिच्या भाराने मुखवटा पुढे झुकतो, म्हणून ती पोकळ गुंडाळीची असावी. मुलास दिसण्यासाठीची भोके हत्तीच्या डोळ्यांत नव्हे, तर मुलाच्या डोळ्यांसमोर येतील तेथे पाडावीत. पुठ्ठ्याचे कान सर्वांत शेवटी जोडावेत. आधी जोडले तर रंग देताना हमखास मोडतात.