आधी टेप, मग कटर!

रीलमध्ये अर्ध्या मिनिटात जिप्सम बोर्डची भिंत उभी राहते आणि तुम्हालाही वाटतं, हे तर आपणही करू शकतो की! करा ना. फक्त त्या रीलमध्ये माप घेताना कुणी दाखवत नाही आणि सगळी मेख तिथेच आहे.

मला अभ्यासाला स्वतःचा कोपरा हवा होता. म्हणून मी आणि दादानं हॉलमध्ये पार्टिशन घालायला घेतलं. जमिनीलगत टेप लावली, बोर्ड कापला. वरच्या कागदावर कटर ओढायचा, बोर्ड कटकन मोडायचा, मग मागचा कागद कापायचा. जाम भारी वाटतं! उभा केला तर खाली चपखल, वर पाऊण इंच जास्त. जुनी भिंत ओळंब्यात नव्हतीच. पुढच्या बोर्डाची कड तर हवेतच, कारण उभे चॅनल आम्ही अंदाजानं ठोकलेले. चार फुटी बोर्डाला चॅनल दोन-दोन फुटांवर लागतात, जोड चॅनलच्या मधोमध यावा लागतो.

तेव्हा माप खाली, मध्ये, वर असं तिन्ही ठिकाणी घ्या. बोर्ड जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवा, नाहीतर लादी पुसतानाचं पाणी शोषून घेतो. आणि पैसे वाचवायला हे करू नका, वाचत नाहीत. आमचे दोन बोर्ड वाया गेले. तरी एकदा कराच, असं मी म्हणेन.

शेवटी कारागीरकाकांना बोलावलं. त्यांनी कटरला हात लावण्याआधी बराच वेळ नुसती टेप आणि ओळंबा चालवला. मजुरी ऐकून आई घासाघीस करायला लागली, तेव्हा तिला गप्प बसवणारी मीच होते.